ज्यांचा फोटो नाही, त्यांचा चेहरा कोरा

"छंद बरा आहे तुझा. वेळ चांगला जातो."

माझ्या हातातला लिनोचा ठोकळा बघून एका प्राध्यापक मित्रानं हा शेरा मारला. मित्र आपलाच. चौदा एप्रिलला भाषण ठोकणारा. ठोकळा त्यानं उलटा धरला होता, डोकं खाली अन् हनुवटी वर. ते मी त्याला सांगितलं नाही. पण ते 'वेळ चांगला जातो' डोक्यात घुसलं ते निघेना. म्हणून हे लिहितोय. चुकत असेल तर पुढच्या अंकात मला फोडून काढा. पण आधी ऐका.

मित्रांनो, छंद या शब्दाची मला लाज वाटत नाही. छंद कुणाला असतो? ज्याला फुरसत असते त्याला. आणि आपल्या बापजाद्यांना फुरसत कुणी फुकट दिली नाही. वेठीत, सालगडीपणात, येसकरकीत फुरसत नावाची चीजच नव्हती. रात्री वाड्यावरून हाक आली की उठायचं. १९४६ च्या कारखाना दुरुस्ती कायद्यानं कामगाराचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणले. ते विधेयक आलं तेव्हा व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. हे सहा तास लढून मिळालेत. तेव्हा छंद म्हणताना मान खाली घालायचं कारण नाही. प्रश्न एवढाच, की त्या फुरसतीत आपला हात कुणासाठी चालतो?

माझा हात दिवसभर कुणासाठी चालतो ते आधी कबूल करतो.

मी नांदेडात एका फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात डिझाइनचं काम करतो. म्हणजे चेहरे लहान-मोठे करतो. एप्रिल लागला की रात्री दोन-दोनपर्यंत मशीन घरघरतं. वर टोकाला बुद्ध, फुले, शाहू, टिकलीएवढे. मधे बाबासाहेब. आणि खाली शुभेच्छुक. शुभेच्छुकांच्या तीन रांगा. गॉगल घातलेले, मोबाईल कानाला लावलेले, हात जोडलेले. "दादाचा फोटो मोठा घे." "याचा त्याच्यापेक्षा मोठा कसा? त्यानं वर्गणी किती दिली?" दादा मोठे होत जातात. जागा कुठून काढायची? मग मी बाबासाहेबांना थोडं वर सरकवतो, थोडं बारीक करतो. दरवर्षी थोडं. स्क्वेअर फुटाच्या भावानं.

आणि वर फर्माईश, "चेहरा जरा उजळव." स्वतःचा उजळून झाला की म्हणतात, "बाबासाहेबांचाबी उजळव ना." मी उजळवतो. पगार त्याचाच आहे. पंधरा दिवसांनी तोच फ्लेक्स गोठ्यावर, टपरीवर, नाहीतर नालीत. बाबासाहेब तोंडावर पडलेले. हा आपला उत्सव.

एक ऑगस्टला पुन्हा तोच धंदा. अण्णा भाऊ मधे, शुभेच्छुक वेगळे. चौदा एप्रिलचा फ्लेक्स आमचा, एक ऑगस्टचा तुमचा. वाटणी झाली! ज्या माणसानं वाटण्या मोडायला जन्म घालवला त्याची आणि ज्यानं त्याचं सांगणं मानून गाणं रचलं त्याची, दोघांची चौकं वेगळी. मनुवाद्यांना काही करायची गरज राहिलीय का?

म्हणून मी घरी आलो की लिनो घेऊन बसतो.

लिनो म्हणजे काय? लिनोलियम. फरशीवर अंथरायची वस्तू. १८६० च्या दशकात फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजानं काढली. जवसाचं तेल हवेवर घट्ट होऊ द्यायचं, त्यात बुचाचा भुगा आणि लाकडाचा भुसा मिसळायचा आणि ते गोणपाटावर थापायचं. जवस, भुसा, गोणपाट! जवसाची चटणी खाऊन आणि गोणपाटावर झोपून मोठे झालेल्या आपल्या पोरांना याच्यात परकं काय आहे? आणि जन्मापासून ती पायाखालची वस्तू. साहेबाच्या बुटाखाली अंथरायची. ती उचलून तिच्यावर चेहरा कोरायचा. हे काम आपलं नसेल तर कुणाचं आहे?

हत्यारं शहरात विकत मिळतात. मी मोडक्या छत्रीची तार घेतली. तिला मुळातच पन्हाळीसारखी खोबण असते. टोक दगडावर घासून धार काढली, मागं लाकडाची मूठ बसवली. बसस्टँडजवळ बसणाऱ्या एका चर्मकार काकांना धार दाखवायला गेलो. त्यांनी रापी हातात घेऊन दाखवलं. "हत्यार पुढं ढकलायचं पोरा, ओढायचं नाही. अन् दुसरा हात कवाच त्याच्या वाटंत ठिवायचा नाही." हेच दोन नियम पुढं एका लिनोकटच्या पुस्तकात वाचले, तर ते म्हणे तंत्र. काकांकडं होतं तेव्हा तो धंदा होता, तोही हलका!

लिनो थंडीत कडक होतो, कोरताना तुकडा उडतो. उन्हात ठेवला की लोण्यासारखा चालतो. नांदेडचं एप्रिलचं ऊन आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाला आलं. छापायला प्रेस लागत नाही. काचेवर छपाईची शाई पसरायची, रबरी रोलर फिरवायचा, ठोकळ्यावर शाई चढवायची, वर कागद ठेवायचा आणि जेवायच्या चमच्याच्या पाठीनं घासायचं. एका ठोकळ्यावर दोनशे प्रती आरामात निघतात. वीज नको, मशीन नको, मालक नको.

माझा पहिला ठोकळा अर्थातच बाबासाहेबांचा. पुतळ्याचा फोटो घेतला आणि जसाच्या तसा उतरवून कोरला. छापलं तर काय! उजव्या हाताचं बोट डाव्या हाताचं झालेलं. संविधान उजव्या काखेत. खिशातले पेन छातीच्या भलत्या बाजूला. खालचं 'जय भीम' तर वाचताच येईना. बायको म्हणाली, "हे काय आरशात बघायचे बाबासाहेब हाईत का?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लिनोत उलटं कोरल्याशिवाय सुलटं उमटत नाही. यावरून समाजरचनेवर चार वाक्यं फेकून टाळ्या घेता येतील. नको. मला कामाचं बोलायचंय.

कामाचं हे, की लिनोत सगळं काळ्यातून सुरू होतं. कोरा ठोकळा शाई लावून छापला तर पूर्ण काळा उमटतो. जिथं कोराल तिथं पांढरं. म्हणजे चेहरा गोरा करायचा तर चेहराच खरवडून काढावा लागतो. गाल खरवडा, कपाळ खरवडा, शेवटी नाकाची एक रेघ उरते. कॅलेंडरवाल्यांनी बाबासाहेबांना गुलाबी केलं, रमाईला सिनेमातली बाई केलं, बुद्धाला दुधात बुडवून काढलं आणि आपण ते खिळा ठोकून भिंतीवर लावलं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी एक बोट सरकवून हेच करतो. लिनोत ती सोय नाही. तिथं काळं हे राखायचं असतं. आपला चेहरा राखण्यासाठीच जणू हे सामान बनलंय.

आता माझ्या आजीचं सांगतो. कारण तिच्यापायीच हे सगळं आहे.

माझ्या आजीचा फोटो नाही. एक होता. माळेगावच्या यात्रेत रंगवलेल्या पडद्यापुढं काढलेला. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यातलं आमचं गावही त्यात. घर जळालं त्यात धान्य जळालं, बाबासाहेबांची तसबीर जळाली आणि तो फोटो जळाला. आजी वाचली. पण ती गेली तेव्हा मी चार वर्षांचा. मला तिचा फक्त हात आठवतो.

म्हणून विचारत विचारत चेहरा जमवला. बाप म्हणाला, नाक असं. चुलता म्हणाला, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. महिनाभर कोरला. छापला. आणि घडी न करता पुठ्ठ्यात घालून एस.टी.नं लातूरला आत्याकडं घेऊन गेलो.

आत्यानं कागद मांडीवर घेतला. बराच वेळ बघितलं. म्हणाली, "नाक मायचंच हाय. गोंदण बी बराबर हाय. पण ही माय नव्हं."

"का गं आत्या?"

"माय खाली बगत नव्हती रे. कवाच नाही. घर जळाल्यावर पोलीस आले, कुणी जाळलं म्हणून इचारलं. समदे गप. बाप्ये बी गप. मायनं त्याच्या डोळ्यात बगून एकेकाचं नाव सांगितलं."

मित्रांनो, मला त्या दिवशी स्वतःची चीड आली. आजीचे डोळे खाली झुकलेले होते असं मला कुणीच सांगितलं नव्हतं. बापानं नाही, चुलत्यानं नाही. मग मी ते झुकवले कुठून? हत्यार माझं, हात माझा, आजी माझी. आणि डोळे कुणाचे कोरले? ते सरकारी जाहिरातीतले होते. संस्थांच्या कॅलेंडरवरचे होते. प्रदर्शनातल्या 'पददलित' चित्रांमधले होते. फाटकं लुगडं, पसरलेला हात, खाली गेलेली नजर. आपल्या दुःखाला बाजारात भाव आहे. आपल्या नजरेला नाही. शाळेत चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला स्मरणचित्राचा पेपर असतो. तिथं आम्हाला बाजार, यात्रा, बसस्टँड आठवायला शिकवलं. आपलीच आजी आठवायला कुणी शिकवलं नाही. म्हणून आठवायची वेळ आली तेव्हा दुसऱ्यानं काढलेलीच आठवली.

लिनोत खोडरबर नसतो. कोरलेलं भरून निघत नाही. झुकवलेले डोळे त्याच ठोकळ्यावर वर उचलता येत नाहीत. नवा तुकडा घेतला. या वेळी डोळ्यांपासून सुरुवात केली. बुबुळ काळं राखलं आणि त्यात हत्याराच्या टोकानं एकच बारका ठिपका उडवला. बघणाऱ्याकडं बघणारी नजर त्या एका ठिपक्यात असते. पुन्हा लातूर. आत्या या वेळी काही बोलली नाही. भाताच्या शितांनी तिनं तो कागद बाबासाहेबांच्या फोटोशेजारी भिंतीला चिकटवला.

हा छंद? बरं. छंद तर छंद.

आता तुम्हाला विचारतो. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे. मातंग समाजातला माणूस, नामांतराच्या दंगलीत ऑगस्ट १९७८ मध्ये जमावानं जिवे मारला. सुगावचे जनार्दन मवाडे. त्याच दंगलीत गेले. गौतम वाघमारे. २५ नोव्हेंबर १९९३ ला याच नांदेडात नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतलं. त्यानंतर दोन महिने व्हायच्या आत, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. नावं तुम्हाला पाठ आहेत. घोषणेत येतात. डोळे मिटा आणि सांगा, चेहरा दिसतो का? कपाळ कसं, केस कसे, मिशी होती का? औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, त्या विद्यापीठाच्या कमानीवर नाव सगळ्यांना वाचता येतं. त्या नावासाठी जळालेले चेहरे किती जणांना ओळखता येतात?

लातूरकडच्या पोरांनो, तुमचीही गोष्ट आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. भिंती पडल्या त्यात हजारो माणसं गेली. त्या भिंतींवरचे फोटोही गेले. बातम्यांत ढिगारे छापून आले. ढिगाऱ्याखालच्या वस्तीतल्या माणसांचे चेहरे कुणी छापले?

आणि हे जुनं झालं म्हणून सुटका नाही. १ जून २०२३ ला नांदेडच्या वेशीवरच्या बोंढार हवेलीत आपल्या एका तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती काढल्याचा राग, अशी फिर्याद. त्याचा फोटो होता. सगळ्यांच्या मोबाईलवर होता. आपण तो स्टेटसला ठेवला. स्टेटस चोवीस तासांत पुसलं जातं. ठोकळा पुसला जात नाही.

आपण शब्दांत पुष्कळ कोरलं. मराठवाड्याच्या मातीतून प्र. ई. सोनकांबळे यांचं 'आठवणींचे पक्षी' १९७९ मध्ये आलं. लातूरजवळच्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ मध्ये आलं. शब्दांच्या बाबतीत कुणाच्या दाराशी जावं लागू नये ही व्यवस्था बाबासाहेबांनी १९२० मध्येच सुरू केली. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे मोजूनही 'केसरी'नं छापली नव्हती. तेव्हा त्यांनी रडगाणं गाइलं नाही. पत्र काढलं. ते बंद पडलं तर दुसरं काढलं. स्वतःचा छापखाना काढला. आपण मात्र चेहऱ्यांच्या बाबतीत अजून दुसऱ्याच्या दाराशीच उभे आहोत. कॅलेंडरवाला देईल तो बाबासाहेब, फ्लेक्सवाला देईल तो अण्णा भाऊ.

जगात हे काम झालंय. एलिझाबेथ कॅटलेट नावाची काळी चित्रकार अमेरिकेत होऊन गेली. गुलामांची नात. काळी म्हणून एका संस्थेनं तिला प्रवेश नाकारला. १९४६ मध्ये ती मेक्सिकोला गेली आणि तिथं काळ्या बायकांवर पंधरा लिनोकटांची मालिका केली. त्यात गुलामांना पळवून नेऊन सोडवणारी हॅरिएट टबमन आहे, तशीच घरकाम करणारी, शेतात राबणारी बिनानावाची बाईही आहे. थोर बाई मोठी आणि मोलकरीण टिकलीएवढी, असा भेद नाही. १९५२ मध्ये तिनं बटईनं शेती करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईचा चेहरा कोरला. डोक्यावर गवती टोपी आणि अंगातल्या जाकिटाला बटणाऐवजी सेफ्टी पिन. ती पिन बघा आणि आपल्या आयांच्या चोळ्या आठवा. आपल्या पँथरनं जिथून नाव घेतलं त्या ब्लॅक पँथरमध्ये एमरी डग्लस हा चित्रकार होता. पक्षात त्याचं पद होतं सांस्कृतिक मंत्री. म्हणजे चित्र काढणाऱ्याला त्यांनी 'वेळ चांगला जातो' म्हणून कोपऱ्यात बसवलं नाही. आपल्याकडं चित्तप्रसाद यांनी जातीविरुद्ध म्हणून आपलं भट्टाचार्य हे ब्राह्मणी आडनाव टाकलं आणि मुंबईत अंधेरीला राहून कष्टकऱ्यांची, राबणाऱ्या पोरांची लिनोचित्रं कोरली. आणि नागपूरचे सवी सावरकर यांनी आपल्या गळ्यातलं मडकं आणि कमरेचा खराटा चित्रात आणून गॅलरीच्या भिंतीवर ठेवला. दार उघडलेलं आहे. आपणच उंबऱ्यावर थबकलोय.

आता तुमचे आक्षेप.

लातूरचे पालक म्हणतील, पोराला नीटचा अभ्यास करू द्या, हे काय भिकेचे डोहाळे. लातूर पॅटर्नच्या गावात वर्षभर भिंतीभिंतीवर चेहरे लागतात, तेही गुणांच्या टक्केवारीसकट. मी अभ्यासाच्या विरुद्ध नाही. शिका हा पहिला शब्द आहे. पण ज्या पोराचा नंबर लागला नाही त्याचा चेहरा कुठल्या भिंतीवर? त्यालाही दोन हात आहेत.

दुसरा म्हणेल, आता मोबाईलला सांगितलं की चित्र मिनिटात तयार होतं, छत्रीची तार कशाला घासतोस? माझ्या पुतण्यानं सांगून बघितलं. मराठवाड्यातली दलित आजी काढ म्हणाला. मिनिटात आजी आली. अंगावर फाटकं लुगडं आणि डोळे? खाली! मशीनला तरी दोष कसा द्यावा. माझ्यासारखंच तेही तीच चित्रं बघून शिकलंय. फरक एवढाच, की त्याला कान उघाडणी करणारी आत्या नाही.

तिसरा आपल्यातला कडवा कार्यकर्ता. म्हणेल, रस्त्यावर उतरायचं सोडून कोरत काय बसलास? भाऊ, मोर्चात तू शहिदांचं नाव पुकारतोस तेव्हा हातात काय धरतोस? माझ्याच दुकानातला फ्लेक्स. त्यात शहीद टिकलीएवढा आणि तू हातभर. आधी ते उतरव, मग रस्त्यावर ये. मीही येतो.

सभेची बातमी द्यायला फ्लेक्स लागतो, हे मला कळतं. माझं पोट त्याच्यावर आहे. फ्लेक्स बंद करा असं मी म्हणत नाही. शुभेच्छुकांची एक रांग बंद करा. तेवढ्या पैशात वस्तीला वर्षभर पुरेल इतका लिनो आणि शाई येते.

काम सांगतो. एक: पहिला ठोकळा बाबासाहेबांचाच कोरा. तो चेहरा आपल्याला पाठ आहे, त्याच्यावर हात बसतो. पण तिथं थांबू नका. दोन: दुसरा चेहरा आपल्या वस्तीतला, ज्याचा फोटो नाही त्याचा. आधी त्याला ओळखणाऱ्या तीन माणसांना विचारा. छापून झाला की त्यांनाच दाखवा. ते नाही म्हणाले तर नवा ठोकळा घ्या. कलेच्या स्वातंत्र्याची भाषा त्यांच्यापुढं करू नका. तीन: चेहऱ्याखाली नाव, गाव, साल उलट्या अक्षरांत कोरा. शुभेच्छुक म्हणून आपलं नाव कोरू नका. चार: महारवाड्यातल्या पोरानं पोचीराम कांबळे कोरावेत, मांगवाड्यातल्या पोरानं गौतम वाघमारे. फ्लेक्सनं केलेली वाटणी ठोकळ्यानं मोडा. पाच: आपल्या अंकांची मुखपृष्ठं अशी हातानं छापा. दोनशे प्रतींना दोन रात्री लागतात. दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला पुस्तकांच्या पालात हे कागद ठेवा. चहाच्या किमतीत द्या. फ्रेम करून विकायला निघालात तर पुढचा लेख तुमच्यावर लिहीन.

माझ्याकडं छत्रीच्या तारेची तीन हत्यारं जादा आहेत. लिनोचे तुकडेही आहेत. ज्याला हात चालवायचाय त्यानं रविवारी यावं. चित्र येत नसलं तरी चालेल. फक्त येताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एक गोष्ट विचारून यावं, की तिचे डोळे कसे होते?

जय भीम.